शेजारच्या सीटचा पट्टा

ती. ओपलवहिनींना, धाकटा दीर लायल याचा टोपी काढून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? चर्चमधल्या त्या नव्या ऑर्गनवालीशी तुमचं जमलं का? (जमलं नसेल तर चूक तिचीच, हे मी न विचारता लिहून ठेवतो.) इकडे माझी तब्येत उत्तम आहे. झोप लागत नाही, डावा डोळा फडफडतो आणि गेल्या आठवड्यापासून गाडीत शीळ वाजवायची हिंमत होत नाही, एवढं सोडलं तर अगदी ठणठणीत.

तर झालं असं. मे महिन्यातला तपासणीचा हंगाम तुम्हाला ठाऊकच आहे. देशभरचे महामार्ग पोलीस आपल्या बायकामुलांना विसरून ट्रकखाली शिरतात. दादा दरवर्षी त्या आठवड्यात दाढ दुखते म्हणून घरी बसायचा आणि तुम्ही त्याला लवंगा चावायला द्यायचात. मला दाढ दुखवून घेणं परवडत नाही, कारण कुत्र्यांच्या खाण्याच्या गोण्याच्या गोण्या रीनोला पोचवायच्या होत्या. म्हणून शायेनच्या अलीकडे, घाट चढण्याआधी, जोनेलबाईंच्या ट्रकथांब्यावर गाडी घातली. म्हटलं, टायरची हवा, दिवे, वायपर, ब्रेक, सगळं त्यांच्याकडून बघून घ्यावं आणि मग नाक्यावर पोलिसाच्या तोंडावर छाती काढून उभं राहावं. (जोनेलबाई म्हणजे तिथलं गॅरेज एकटीने चालवणारी विधवा. हात कोपरापर्यंत काळे, पण आवाज असा की चाकाचा गंजलेला नटही आपोआप सैल व्हावा.)

भरदुपारी धुकं उतरलं होतं. वायोमिंगच्या धुक्याला अदब नाही, वहिनी. ते आधी डोंगर खातं, मग डिझेलचे पंप खातं, आणि शेवटी आपल्याच बुटांकडे बघू लागतं. जोनेलबाईंनी चाकांना ठोकळे लावले, इंजिन बंद करायला लावलं आणि मला म्हणाल्या, "जा, आत चेरी-पाय खाऊन या. ताजा आहे." मी गेलो. पाय (खायचा, चालायचा नव्हे) बरा होता, वरचं कवच जरा ओलसर. (तुमच्या हातच्या पायची सर नाही. हे मी त्यांनाही सांगितलं. त्यांना आवडलं नाही.)

परत आलो तर बाई ट्रेलरखालून बाहेर सरकत होत्या. म्हणाल्या, "तुमचा जोडीदार कामाचा आहे हो. दाब म्हटलं की दाबतो, सोड म्हटलं की सोडतो. मध्ये एक शब्द नाही. तुमच्यासारखा नाही."

मी विचारलं, कुठला जोडीदार?

बाईंनी हातातलं फडकं घडी घालून खिशात ठेवलं. हवेचा ब्रेक तपासताना वर कोणीतरी पॅडल दाबावं लागतं, हे तुम्ही दादाच्या तोंडून हजारदा ऐकलंय. त्यांची पॅडल दाबायची काठी त्या सकाळीच मोडली होती. केबिनमध्ये कोणीतरी बसलंय असं त्यांना धुक्यातून वाटलं, म्हणून त्यांनी खालून ओरडून सांगितलं. आणि ब्रेक दाबला गेला. चाकागणिक. ट्रेलरच्या मागच्या चाकाशी आल्यावर मात्र बाईंनी सोड म्हटलं तरी सुटला नाही. हवा फुसफुसत राहिली, म्हणून त्यांनी बॅटरी लावून बघितलं, तर नळी घासून घासून कागदासारखी झालेली, आणि दाबाखाली तिला बेडकासारखा फुगवटा आलेला. पॅडल सुटलं असतं तर तो दिसलाच नसता. लॅरमीच्या उतारावर ती फुटली असती. पुढचं मी लिहीत नाही, तुम्ही जेवायला बसला असाल.

आम्ही दोघांनी मिळून केबिनचं दार उघडलं. आत कोणी नव्हतं. माझी सीट मी असतो तेव्हा जेवढी खाली बसते, त्याहून बरीच खाली बसलेली होती, आणि आमच्या डोळ्यांसमोर हळूहळू वर आली. जोनेलबाई म्हणाल्या, "हवेची सीट आहे, कधी कधी असं होतं." मी हो म्हटलं. त्यांनी नळी बदलली. दोघांपैकी कोणीच शीळ वाजवत नव्हतं.

घाट उतरून लॅरमीच्या पुढे नाक्यावर मला बाजूला घेतलंच. पोलीस तरुण होता, नाव ओर्तेगा, बोलायला गोड. कागद बघितले, दिवे बघितले, मग खाली गेला आणि ओरडला, "काका, ब्रेक दाबा." वहिनी, मी तुमच्या गुडघ्याची शपथ घेऊन सांगतो, माझा बूट पॅडलवर नव्हता. मी तो उचलतच होतो. पॅडल माझ्या देखत सावकाश खाली गेलं, पार तळाला, आणि तिथे थांबलं. मी दोन्ही पाय सीटवर घेऊन बसलो, मांडी घालून, या वयात. "सोडा," म्हणाला. सुटलं.

गाडी पास झाली. ओर्तेगाने काचेवर पासाचं स्टिकर चिकटवलं आणि जाता जाता म्हणाला, "सोबतच्या काकांना पट्टा लावायला सांगा. या खेपेला सोडतो."

मी शेजारच्या सीटचा पट्टा ओढला. दादा गेल्यावर तुम्ही हा ट्रक मला दिलात, तेव्हापासून त्या सीटवर माझ्या जाकिटाशिवाय कोणी बसलेलं नाही. शेवटच्या वर्षी दादा तिथे बसायचा आणि मी चालवताना उजवा पाय फरशीवर असा दाबायचा की पत्र्याला पोचा पडला. रिकाम्या सीटवरून पट्टा सरळ बकलात जायला हवा होता. गेला नाही. दादाच्या पोटाला लागायचा तेवढा बाहेर काढावा लागला, मग खट् करून बसला. रीनोपर्यंत तो तसाच हवेत फुगून होता. मी भ्यालो होतो, हे खरं. पण उतारावर भ्यालो नाही.

सर्वांना नमस्कार. कोंबड्यांनाही.

आपला,
लायल

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण वरती राहूनच गेलं. परतताना त्या थांब्यावर पुन्हा उतरलो (वायपर उगाच बदलून घेतला). जोनेलला जूनमध्ये माझ्याबरोबर समुद्र बघायला यायचंय. पण शेजारची सीट एकच आहे. तेव्हा तुम्ही दादाला तेवढं मागच्या बर्थवर जायला सांगाल का? माझं त्याने जन्मात ऐकलेलं नाही.

ता. क. दुसरं. वरचं जोनेलला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यांना उठवू नका, मी मागे बसेन, एवढा चांगला माणूस ब्रेकजवळ असलेला बरा. म्हणजे आता काही सांगायला नको. तरी रविवारी दुपारी मी तुम्हाला फोन लावून तो त्या सीटवर ठेवीन, खाली उतरेन आणि लांब जाऊन उभा राहीन. तुम्हाला जे बोलायचं ते बोला. मी ऐकणार नाही.