थुंकायची बादली

भावड्यास ताईचे आशीर्वाद आणि एक धपाटा.

मी धडधाकट आहे. इथं शहाणी माणसं फी भरून वाइन प्यायला शिकतात. उन्हाळ्यात गार पांढरी, थंडीत लाल. ग्लास गरागरा फिरवतात, नाक खुपसतात, "अहाहा, जांभूळ!" म्हणतात आणि बादलीत थुंकतात. ती बादली मी धुते.

काल मास्तर एका बाटलीचे गोडवे गात होता. मी दारातूनच वासावरून म्हटलं, "नासलीय ती." खरंच नासलेली! सगळ्यांची थोबाडं बघण्यासारखी झाली.

आईचा गुडघा कसा आहे?

तू इथं नोकरीला लाव म्हणतोस. जागा आहे, पण तुझं नाव मी सांगणार नाही. तुला दारू सोडून आठच महिने झालेत. तोंडात गेलेला घोट तुला थुंकता यायचा नाही. रागाव खुशाल, पण घरी राहून रागाव.

तुझी खडूस ताई