यादीतली शेवटची ओळ

३ मार्च

चि. ताईस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. फोनवर आपण दोघी एकमेकींना बोलूच देत नाही, त्यापेक्षा हे बरं.

मोठी बातमी म्हणजे भरतकामाच्या मशीनला जोडलेला तुझा कम्प्युटर शेवटी बसला. अकरा वर्षं निमूट चालला, बिचारा. दुकानदार म्हणाला की या मशीनचा प्रोग्रॅम आता नव्या सिस्टीमवर चालणार नाही, मशीनच काढून टाका. माझं तर अवसानच गळालं. पण आपल्या छोटीने, सूनबाईने, ती कामाला जाते त्या वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं, चार दिवस त्यात डोकं खुपसून बसली, आणि नव्या कम्प्युटरवर एक सोडून तीन ऑपरेटिंग सिस्टीम बसवल्या! डिस्कचे तीन हिस्से केलेत म्हणे. बटण दाबलं की पडद्यावर यादी येते. पहिलं ‘घर’, त्यात फोटो आणि जहाजावरून तुझ्या भावाचं दिसणं-बोलणं. दुसरं ‘छोटीचं काम’, म्हणजे तिच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी. सगळ्यात खाली ‘ताईचं जुनं’, त्यात माझं भरतकाम. दोनदा बाण खाली न्यायचा, की झालं.

आता तुला दर सुटीत कम्प्युटरपायी धावत यायला नको. इस्पितळात एवढी यंत्रं दुरुस्त करतेस, सुटीत तरी पाठ टेक.

तब्येत सांभाळ, माया पाठवत राहा.
तुझी आई

९ मार्च

ती. आईस,
ताईचा सा. न.

वाचून आनंद झाला. झाला म्हणजे झालाच, तू पुन्हा पुन्हा विचारू नकोस. छोटी हुशार आहेच. पुस्तक वाचून चार दिवसांत जे जमतं ते शिकायला मला दोन वर्षं का लागली, हा माझा प्रश्न मी माझ्यापाशी ठेवते.

एक मात्र सांगून ठेवते. तीन सिस्टीम एका डिस्कवर ठेवणं म्हणजे तीन बिऱ्हाडांना एकच दार. इथे तळमजल्यावरच्या खोलीत रोज असली दुखणी माझ्या टेबलावर येतात. तुझ्या नक्ष्यांना तिने किती जागा ठेवली? की उरलीसुरली दिली? आणि दोनदा बाण खाली का? अकरा वर्षं तू बटण दाबलंस की समोर तुझं काम उभं राहायचं, एकदाही खाली जावं लागलं नाही.

‘ताईचं जुनं’ हे नाव कोणी सुचवलं, तेही कळव. गंमत वाटली म्हणून विचारते.

शनिवारी येते, रविवारी संध्याकाळी निघेन. कम्प्युटरसाठी नाही, तुला भेटायला.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

२२ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

संध्याकाळी निघेन म्हणालीस आणि दुपारीच गेलीस, आणि मागे घरात रडारड झाली. रविवारी छोटी पुस्तकांची मोजणी आटोपून चारला परतली, बटण दाबलं, तर यादीच येईना. थेट तुझं जुनं सुरू होतं, बाकी दोन्ही गायब. नशीब तुझं ते तेवढं नीट आहे, शाळेच्या बिल्ल्यांचं काम अडलं नाही. खरं सांगू? आता बटण दाबलं की समोर माझं काम. तू लावलेलंच बरं होतं, बाई.

पण छोटीचं वाईट झालं. तीन आठवडे घरी बसून केलेली यादी त्यात होती, दुसरीकडे उतरवलेली नव्हती. ग्रंथपालबाईंनी सगळ्यांसमोर तिला सुनावलं की नसते प्रयोग करायला कोणी सांगितलं होतं. मीही घरी तेच बोलले. आपलंच काही चुकलं असेल, एवढंच ती म्हणाली आणि मोरीत जाऊन नळ सोडून बसली.

आता कम्प्युटर सारखा विचारतो की हा हिस्सा कोरा दिसतोय, नव्याने आखून घेऊ का. ती म्हणते, कोराच असेल तर एकदा हो म्हणून मोकळी होते आणि पहिल्यापासून बसवते.

तुझ्या मायेची वाट बघते.
तुझी आई

२५ मार्च

चि. सौ. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. घ्यायचे की नाही, ते पत्र वाचून ठरव.

दुपारी वाचनालयात फोन करून मी तुला कम्प्युटरला हो म्हणू नकोस एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. पुढे बोलायला जीभ रेटेना. म्हणून हे.

तुझं काही चुकलेलं नाही. मी केलं. रविवारी तू मोजणीला गेलीस, आई बाहेरच्या खोलीत बिल्ल्यांचे धागे कापायला बसली, आणि मी जुनी सिस्टीम पुन्हा नव्याने बसवली. तिला काही झालं नव्हतं. तिच्यात मी काहीतरी केलं, असं मला म्हणता यायला हवं होतं. ती बसताना डिस्कच्या तोंडाशी स्वतःचंच नाव लिहिते आणि आधीची यादी पुसून टाकते, हे मला ठाऊक होतं. निघायच्या आधी यादी परत लावू म्हटलं. मग चहा झाला, आई तुझं कौतुक सांगत बसली, तू पडद्यावर मराठीत नावं कशी लिहिलीस, तिच्यासाठी अक्षरं मोठी कशी केलीस. ते ऐकता ऐकता मी पिशवी भरली आणि निघाले. यादी लावली नाही. वेळ नव्हता असं गाडीत स्वतःला सांगितलं, पण वेळ होता.

हेवा वाटला, छोटी. बाबा गेल्यापासून त्या घरात माझं म्हणून एकच काम होतं.

तुझं काम गेलेलं नाही. जुन्या सिस्टीमला तुझ्या सिस्टीमची भाषा वाचता येत नाही, म्हणून तो हिस्सा तिला कोरा दिसतो. सोबत सीडी आहे. ती घालून कम्प्युटर सुरू कर, दुसऱ्या कागदावर लिहिलंय ते ओळीने कर. यादी परत येईल.

लोभ मागायला तोंड नाही.
ताई

३० मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

यादी परत आली. तीन आठवड्यांची सगळी पुस्तकं जागच्या जागी आहेत. कागदावरच्या सहाव्या ओळीत एक आकडा चुकला होता, तो मी पुस्तकात बघून दुरुस्त केला. हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुम्हीच केलं हे मला त्याच दिवशी कळलं होतं. जुन्या हिश्शात बसवल्याची वेळ लिहून येते. रविवार, अकरा वाजून वीस मिनिटं. तेव्हा घरात तुम्ही आणि आई, आणि आईंना तर बाणाच्या बटणापलीकडे दुसरं बटण शिवायचंही नसतं. हिस्सा कोरा का दिसतो ते मात्र माहीत नव्हतं. तुम्ही तो पुसूनच टाकलात असं समजले होते.

तुम्हाला वाटेल, मग बोलले का नाही. ‘तुमच्या मुलीने केलं’ असं मी आईंना म्हटलं असतं, तर पुढची वीस वर्षं मी या घरात लेकीवर आळ घेणारी सून झाले असते. ग्रंथपालबाईंचं बोलणं सोसलं. आईंचं सोसलं नाही. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ताईने लावलेलं असं कधी बंद पडलं नव्हतं. तुम्हाला एका कामाचा हेवा वाटला. मी तर सहा वर्षं रोज तुमचं नाव ऐकते.

राग गेलेला नाही. पण पत्र दडवणारही नाही आणि आईंना दाखवणारही नाही. सांगायचं ते तुम्ही सांगा.

कळावे.
छोटी

११ एप्रिल

चि. ताईस,
आशीर्वाद, रागासकट.

तुझं कबुलीचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं तू सुनेला वाचवायला खोटं लिहितेस. मग तुझं अक्षर बघितलं. खोटं लिहिताना तू इतकी खाडाखोड करत नाहीस.

दोन दिवस माझ्या तोंडून निघालेलं आठवत बसले. तुझं ते बरं होतं असं मी तुला लिहिलं, तेही आठवलं. तुला ते वाचताना कसं वाटलं असेल, कुणास ठाऊक. बरं वाटलं असेल तर तसं कळवू नकोस.

काल वाचनालयात गेले. थेट ग्रंथपालबाईंच्या टेबलापाशी उभी राहिले आणि सांगितलं की मोडलं माझ्या मुलीने, जोडलं माझ्या सुनेने, आणि मधल्या दिवसांत तुम्ही आणि मी दोघींनी भलतीलाच बोल लावला. वाचायला बसलेल्या सगळ्यांनी माना वर केल्या. छोटी मागे पुस्तकं लावत होती. तिने वळून बघितलं नाही, पण हातातलं पुस्तक भलत्याच कप्प्यात ठेवलं.

घरी येताना मला म्हणाली की एवढं चारचौघांत कशाला बोललात. मी म्हटलं, बोलणी कुठे चारचौघांच्या पाठीमागे खाल्लीस? मग ती हसली. या महिन्यात पहिल्यांदा.

पुढच्या शनिवारी ये. ती काय बोलेल ते ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. मीही बोलणार नाही, बाहेर जाऊन बसेन.

तुम्हा दोघींची,
आई