आईच्या गुडघ्यांसाठी फोर बाय फोर

४ जानेवारी, रविवार
जुनी फोर बाय फोर जीप घेतली. घरी सांगितलं, आईसाठी घेतली. तिचे गुडघे दुखतात, उंच सीटवर पाय न दुमडता बसता येतं. हे खोटं नाही. फक्त गाडी ठरल्यावर सुचलं. चैतालीने विचारलं, आईंना विचारलंस का? बायको असून हिचे प्रश्न ऑडिटरचे असतात.
संकल्प: महिन्याभरात ऑफ-रोडिंग शिकणार. दर रविवारी आईला फिरवणार.

१० जानेवारी, शनिवार
वारज्याला मकसूदभाईंचं गॅरेज. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, किती दिवस चालवताय? म्हटलं, सहा. ते म्हणाले, टायर तेवढे चांगले घाला, सहा महिने कच्च्या रस्त्यावर हात बसू द्या, मग बोलू. माणूस प्रामाणिक आहे, पण व्हिजन नाही. मड टायर, विंच, स्नॉर्कल बसवायला आणि गाडी चार इंच उचलायला सांगून आलो. विंच म्हणजे रुतलेली गाडी तारेने ओढून काढणारी चरखी; स्नॉर्कल म्हणजे खोल पाण्यात इंजिनला हवा मिळावी म्हणून वर काढलेली नळी. आमच्या विश्रांतवाडीत पावसाळ्यात लागेलच.
गाडी गॅरेजात, त्यामुळे उद्या आईला फिरवता येणार नाही. नाइलाज.

२४ जानेवारी, शनिवार
गाडी आली. सोसायटीतले लोक गॅलरीतून बघत होते. आईला खाली आणलं. तिचा पाय वर पोचेना. प्लॅस्टिकचं स्टूल आणलं, ते डुगडुगलं. मी मागून आधार दिला, चैतालीने आतून ओढलं. आईने साडी सारखी केली आणि म्हणाली, छान आहे, वरून सगळं दिसतं. धानोरीपर्यंत जाऊन आलो. मड टायर डांबरावर इतके घुमतात की ती वाटेत काय बोलली ते कळलंच नाही. उतरताना तिने माझा खांदा गच्च धरला. अजून दुखतोय. वाईट वाटलं. थोडंसं.
पायरी बसवून घेतली पाहिजे. पण पायरी दगडांना अडकते, असं उजैर म्हणतो. उजैर आमच्या ऑफिसातला, ऑफ-रोडवाल्यांचा ग्रुप चालवतो. बघू.

५ फेब्रुवारी, गुरुवार
सासवडच्या मावशीचं सोमवारी पित्ताशयाचं ऑपरेशन. आईला त्याआधी, रविवारी भेटायचंय. सकाळी हो म्हटलं. दुपारी उजैर म्हणाला, रविवारी मुळशीकडे ट्रेनिंग, नवीन लोकांसाठी वर्षातून एकदाच.
जेवताना आईला सांगितलं, क्लच गेलाय, गाडी गॅरेजात टाकलीय. इतकं सहज कसं निघालं तोंडातून, कळत नाही. ती म्हणाली, मग एसटीने जाईन. चैताली आमटी संपेपर्यंत माझ्याकडे बघत होती.
गाडी मागच्या गल्लीत लावून आलो. शेवटी मी शिकतोय कोणासाठी?

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ६
आई उठायच्या आत निघायचं होतं. ती चहा करत होती. म्हटलं, गॅरेजात जाऊन येतो. सहाला कुठलं गॅरेज उघडतं, हे तिने विचारलं नाही. चहा दिला.

त्याच दिवशी, संध्याकाळी
पहिल्याच ओढ्यात रुतलो. उजैरने विचारलं, हब लॉक केलेस ना? हो म्हटलं. त्याने वाकून पाहिलं आणि मला खाली उतरवलं. जुन्या जीपला खाली उतरून पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करावे लागतात, तरच चारही चाकं ओढतात. म्हणजे महिनाभर मी साधी गाडीच चालवत होतो, फक्त उंच. हब लॉक करेपर्यंत गाडी पोटापर्यंत चिखलात. विंचचा रिमोट घरी, खोक्यात.
शेजारच्या शेतातल्या कोंडीराम नावाच्या गृहस्थांनी ट्रॅक्टरने ओढून काढलं. स्नॉर्कलकडे बघून म्हणाले, "ही नळी कशाला हाय?" ओढ्यात घोटाभर पाणी. म्हटलं, फॅशन.
चैतालीचे दोन मिस्ड कॉल. फोन केला. आईला बसमध्ये दिवे घाटापर्यंत उभं राहावं लागलं, एवढंच सांगून तिने ठेवला.

९ फेब्रुवारी, सोमवार
मावशीचं ऑपरेशन नीट झालं. आई दुपारी परत आली. तिचे पाय सुजलेत. ऑफिसातून आल्यावर गरम पाण्याची पिशवी दिली आणि सांगून टाकलं, क्लच गेला नव्हता.
"माहीत आहे," आई म्हणाली. "एसटीला जाताना मागच्या गल्लीतून गेले. तिथे गाडी नव्हती. शनिवारी होती."
विचारलं, मावशीला काय सांगितलंस?
"सांगितलं, सुट्टीच्या दिवशीही ऑफिसला जावं लागतं त्याला. फार राबतो."
मावशीने ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बसून, राबणाऱ्या भाच्यासाठी डिंकाचे लाडू वळून पाठवलेत. आईने डबा माझ्यापुढे ठेवला.
तीन खाल्ले.