वाळूत नोट्स नसतात

३ मार्च, मंगळ.
व्हाइटफील्डहून मेट्रोत उभ्याने आले. पाय गेले. स्टेशनबाहेर पडते तोच मूर्तींचा फोन. टीम त्यांची, पैसा त्यांचा. वाळवंटातल्या लांब रॅलीला गाडी एकच, ड्रायव्हर एकच. अण्णा की काव्या? "उमा, दोघांच्याही शेजारी बसून बघ. सोळा तारखेला एक नाव दे." कोणालाही निवडलं तरी शेजारी बसून रस्ता सांगणारी नॅव्हिगेटर मीच.
अण्णा माझा सख्खा भाऊ, हे ठाऊक असून मलाच विचारतात. म्हणे, तू खोटं बोलणार नाहीस.

४ मार्च, बुध.
ऑफिसात डोक्यात तेच. तुलना करायची कशी? अण्णाची अठरा वर्षं खडीच्या रॅलीत गेली. आधी रस्ता बघून मी नोट्स लिहायच्या. मग स्पर्धेत मी वाचायच्या नि त्याने पुढचं वळण दिसायच्या आत गाडी त्यात टाकायची. काव्या सकलेशपूरची, चिखलातल्या, दगडांतल्या जीप-स्पर्धांची. तिथे वेग नाहीच. एक ओढा पार करायला अर्धा तास. वाळवंट दोघांनाही नवं.
वैनीचा मेसेज: "ह्यांना पन्नास होतील आता. पुन्हा कोण विचारणार? बघ स्वल्प, थोडं जमलं तर."
वाचून डबा धुवायला घेतला.

८ मार्च, रवि.
कोलारकडचा आटलेला तलाव. पहाटे पाचला निघालो.
आधी अण्णा. घट्ट जमिनीवर त्याला तोड नाही. गाडी आडवी करून वळवतो तेव्हा अजून मी दाराची कडी धरते. मग भुसभुशीत पट्टा. तिथे नोट्स नाहीत, फक्त दिशा. सारखा माझ्याकडे बघे.
"बोल ना उमे, गप्प का?"
"काय बोलू? पुढचं मलाही दिसत नाहीये."
पुढच्याच उंचवट्यावर वेगात गेला, गाडी पोटापर्यंत रुतली. दीड तास फावडं. माझा अंगठा सोलला.
दुपारी काव्या. घट्ट जमिनीवर इतकी सावकाश की वैताग. पण भुसभुशीत आलं तशी उतरली, पुढे चालत गेली, टाचेने माती दाबून पाहिली. "अक्का, डावीकडून जाऊ. सरी? चालेल ना?" रुतली नाही. मी खिडकीबाहेर बघत बसले होते. अठरा वर्षांत स्पर्धेच्या गाडीत पहिल्यांदाच. बरं वाटलं. मग त्याचंच वाईट वाटलं.

११ मार्च, बुध.
अण्णा घरी आला. चहा नको म्हणाला.
"खरं सांग. ती माझ्याहून चांगली?"
"कुठे, त्यावर आहे."
"म्हणजे वाळूत हो."
"तू तिथे माझा आवाज शोधत होतास अण्णा. माझ्याकडे वाचायला काही नव्हतं."
गेला तेव्हा दार हळू लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

१३ मार्च, शुक्र.
झोप नाही. मूर्तींना काय सांगायचं ते ठरलंय, तोंडून निघत नाही. काव्याचं नाव दिलं तर अण्णा संपला. अण्णाचं दिलं तर रोज दहा तास मी त्याचे डोळे. आता होत नाही...

१५ मार्च, रवि.
सकाळी अण्णाचा फोन. "काव्याला विचार, तलावात मला शेजारी बसवेल का."
ती लगेच हो म्हणाली. मी काठावर, बाभळीखाली. दूरवर धूळ तेवढी दिसे. तासाने आले. अण्णा उतरून मागच्या चाकाशी उकिडवा बसला, टायर अंगठ्याने दाबून पाहिला. "हवा किती ठेवलीस?" तिने सांगितलं. "एवढी कमी?" मग मऊ टायर वाळूत पसरतो, रुतत नाही, असं ती सांगत गेली, तो ऐकत गेला. इतकं मुकाट्याने त्याने आजवर फक्त माझं ऐकलंय, तेही हेल्मेट घालून.
परतताना होसकोट्याच्या ट्रॅफिकमध्ये म्हणाला, "मूर्तींकडे अजून एक रविवार माग. मी शिकतो."
"आणि नाही जमलं तर?"
"तर तिचं नाव दे. मी विचारणार नाही."
मला आणखी एक रविवार नकोय. पाठ धरलीय, उद्या ऑफिस आहे. तरी घरी येऊन मूर्तींना फोन लावला. एंगेज. चहा टाकलाय, तो झाला की पुन्हा लावते.