लुकलुकत्या दिव्याचं प्रात्यक्षिक

४ मार्च, सोमवार
विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली. माझीच. अजून कुणी तसं म्हणालेलं नाही, पण त्यात म्हणायचंय काय! दुसरी उमेदवार शेजारच्या टेबलावरची बाई. हुशार आहे, पण सूचना वाचून काम करते. अंगात काही असलं की वाचावं लागत नाही.

५ मार्च
रुग्णवाहिकेसाठी लोक फोन करतात ते आमच्या रॅकमधून जातात. लोखंडी कपाट, त्यात कार्डं उभी खोचलेली. त्यातलं एक कुरकुरतंय. यंत्र बंद न करता बदलायचं. साहेब म्हणाले, शुक्रवारी संचालक येतायत, त्यांच्यासमोरच बदला. मी हात वर केला. बाईने भुवया.

६ मार्च
बाई म्हणे, "कार्डाची दांडी उघडली की निळा दिवा लुकलुकतो. म्हणजे चालू फोन अजून दुसऱ्या कार्डाकडे सरकतायत. दिवा स्थिर झाला की मगच ओढा."
मी म्हटलं, लुकलुकतो म्हणजे ओढा म्हणूनच खुणावतो ना? त्यावर मला म्हणाली, "तुम्हाला कुणी डोळा मारत नाहीये."
मत्सर. दुसरं काही नाही.

७ मार्च, संध्याकाळ
स्वयंपाकघरातल्या खणावर सराव. एका झटक्यात बाहेर. चमचे फ्रिजखाली. सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, "जावईबापू, या घरात धड चालणारं अजून काय उरलंय?"
उद्या कळेल.

८ मार्च, शुक्रवार
अंगातली वीज कार्डाला लागू नये म्हणून मनगटाला बांधतात तो पट्टा बांधायला नकार दिला. संचालकांसमोर साखळीला बांधल्यासारखं दिसतं. दुपारी बारा वाजता छोटं भाषण केलं. दांडी उघडली. दिवा लुकलुकत राहिला. संचालकांनी घड्याळ पाहिलं. मी ओढलं.
सगळे आवाज थांबले. इतकी शांतता त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. संचालकांना वाटलं, हीच करामत. टाळ्या वाजवल्या. मी झुकून नमस्कारही केला. मग पलीकडच्या खोलीतून फोन घेणाऱ्या मुली हेडफोन हातात घेऊन धावत आल्या.
बाईने कार्ड परत बसवलं. यंत्र उठायला वेळ लागला. त्याला मी काय करणार? यंत्रच आळशी.

त्याच दिवशी, रात्री
घरी आल्यावर कळलं, सासूबाई दुपारी बाराच्या सुमारास न्हाणीघरात पडल्या. खुबा मोडला. बायको रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होती आणि मध्येच फोन तुटला. परत लागेना. शेवटी शेजाऱ्याच्या टेम्पोत, गाद्यांच्या गठ्ठ्यावर आडवं घालून नेलं. बायको म्हणाली, "कोण मेला बसलाय तिथे?"
मी म्हटलं, असल्यांना उलटं टांगलं पाहिजे. अगदी मनापासून म्हटलं.

११ मार्च, सोमवार
खुर्ची बाईला. माझ्याकडे नवी, स्वतंत्र जबाबदारी. लोकांशी थेट संपर्क. म्हणजे फोन तुटलेल्या प्रत्येकाला फोन करून माफी मागायची. एका अर्थी बढतीच. बाई शेजारी बसून स्वतः नंबर लावते आणि स्पीकर चालू ठेवते. विभागातले सगळे चहाचे कप घेऊन उभे.
तिसऱ्याच नंबरला बायकोने उचलला. मी आवाज घोगरा केला. "बाईसाहेब, शुक्रवारच्या गैरसोयीबद्दल आमचा विभाग अत्यंत दिलगीर..."
 ती म्हणाली, "अहो, ते सोंग पुरे. येताना आईसाठी बेडपॅन आणा. आणि रिकामं कोण करणार ते ठरलंय."