नळीतलं पाणी

३ फेब्रुवारी, मंगळवार

आकांक्षा म्याडमची गाडी परत आली. सावंगीला दाताच्या डॉक्टर आहेत. तीन आठवड्यांपूर्वी आपल्याच दुकानात समोरची काच बदलली, आणि काचेमागच्या, गाडीला आपोआप ब्रेक लावायला सांगणाऱ्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नजर जुळवणं, मी केलं होतं. आज म्हणाल्या, "मोनाली, ही गाडी समोर काही नसताना ब्रेक दाबते. आणि ट्रक खरंच जवळ आला की उशिरा ओरडते."

दुकानाचे मालक रूपरावकाका हसत होते. "म्याडम, नवीन गाडीले नवीन नखरे असतेत."

मला हसू आलं नाही. कॅलिब्रेशनच्या कागदावर खाली माझी सही आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून तीच गाडी. टायरमधली हवा तपासली. डिकीतलं सामान काढलं. आरशामागे अडकवलेली छोटी माळसुद्धा काढून ठेवली. समोर काळ्या-पांढऱ्या चौकटींची पाटी, मोजून त्याच अंतरावर, त्याच उंचीवर. टॅब जोडला. चार मिनिटांत हिरवं — पास.

मग बायपासवर चालवून पाहिली. पुलाच्या चढावर रस्ता मोकळा, आणि गाडीनं ब्रेक मारला. मागचा बाईकवाला शिव्या देऊन गेला. बरोबर होतं त्याचं.

टॅब म्हणतो पास. गाडी म्हणते नाही. दोघांपैकी खोटं कोण?

काच बसवणारा अनुप म्हणाला, "काच तर म्या बराबर बसवली. चाटून पाह्य." पाहिली — चाटून नाही, मोजून. काच बरोबर आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना घरी सांगत होते. आईला काही कळत नव्हतं, तरी ऐकत होती. बाबांनी विचारलं, "ते पाटी कुठी उभी करतं तू?"

म्हटलं, धुलाईच्या जागेवर. गाडी वर, पाटी समोर सांडपाण्याच्या जाळीकडे. दुकानात तेवढीच लांब जागा आहे.

बाबांचा घास थांबला. "जाळीकडं? तिथं तर ढाळ हाये."

कसला ढाळ, मी म्हटलं. जमीन सपाट दिसते.

"दिसतेच सपाट. तोच तर हात हाये गवंड्याचा." मग हिशोब सांगितल्यासारखं बोलले — "तो कोबा माह्या हातचा आहे. चौदा वर्सं झाले. रूपराव म्हणे, गाडी धुतली का पाणी थांबलं नाई पाह्यजे. दहा फुटाले दीड इंच ढाळ देल्ला. अजून पाहा, दोन मिनिटांत पाणी जाळीत."

मी तिथं सव्वा वर्ष काम करते. रोज त्या कोब्यावर चालते.

"मग सांगितलं काऊन नाही बाबा?"

"तू इंजिनेर. मले वाटलं, तुले मालूमच असन."

आणि मला वाटलं, बाबांना विचारण्यासारखं यात काय आहे!

टॅबला फक्त पाटी दिसते. पाटी बरोबर जागी उभी आहे का, हे माणसानं बघायचं असतं. त्या दुकानात तो माणूस मी.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकान उघडायच्या आधी बाबांना घेऊन गेले. त्यांची सपाटी मोजायची जुनी पारदर्शक नळी. आत पाणी, पाण्यात चिमूटभर कुंकू. "पांढरं पाणी मले आवडत नाई," म्हणाले. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला येतं, मग जमिनीपासून मोजायचं. वीज नाही, टॅब नाही.

बाबा म्हणाले, "दोन्हीकडं तूच जाऊन वाच. सवय होऊ दे हाताले." ते नुसती नळी धरून उभे राहिले. मी या टोकाला, मग त्या टोकाला. मला बरं वाटलं. लहानपणी साइटवर नेत नसत. म्हणत, तू पुस्तक धर.

गाडीच्या पुढच्या चाकापासून पाटीच्या पायापर्यंत — दोन इंच उतार. बाबांनी खाली बसून तळहात फिरवला कोब्यावरून, गुरांच्या पाठीवरून फिरवतात तसा. "अजून तसाच हाये," म्हणाले. खूश होते. त्यांचं काम बरोबर होतं. चुकलं माझं.

पाटी दोन इंच खाली, आणि गाडीला मी सांगितलं की हीच सरळ नजर. गाडी बिचारी त्याच नजरेनं रस्ता मोजते आहे.

एक नाही. ही पाटी आल्यापासून अडीच महिन्यांत सात गाड्या. सात कागद, सात सह्या.

७ फेब्रुवारी, शनिवार

रूपरावकाकांना सगळं सांगितलं. आधी ऐकून घेतलं. मग —

"टॅबनं पास म्हटलं ना?"

"म्हटलं. पण काका —"

"मंग झालं. आता सात जनाईले फोन करून सांगतं का, का आमचंच चुकलं? वर्धा केवढं गाव हाये? पानठेल्यावर पोहोचते गोष्ट संध्याकाळपर्यंत."

"एखादी गाडी ठोकली तर तीही पोहोचते."

अनुप काच पुसायचं सोडून आमच्याकडे पाहत होता.

"अवं, लोकं फुटका टेललाईट घेऊन चंद्रपूरपर्यंत जातेत. तू दोन इंच घेऊन बसली."

मी म्हटलं, हे दुरुस्त होईपर्यंत मी एकाही कागदावर सही करणार नाही. आमच्या घरात छापील कागदावर सही करून "हे बरोबर आहे" असं लिहून देणारी मी पहिली. बाबांच्या कामावर कधी सही नसते. तरी चौदा वर्षांनी त्यांनी इंच सांगितला. मला अडीच महिन्यांचं सांगता येऊ नये?

काका बाहेर जाऊन उभे राहिले. अनुपनं बादली भरली आणि गाडीच्या जागेवर ओतली. पाणी सरळ पाटीखालून जाळीत गेलं. काकांनी दारातून पाहिलं. आत आले नाहीत, पण म्हणाले, "फोन कर. माह्यं नाव घेऊन कर. चोरून नको करू."

८ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. तरी फोन केले. आकांक्षा म्याडमना सर्वांत आधी. म्हणाल्या, थँक यू, मला वाटलं माझंच डोकं फिरलं.

बाकी पाच जणांची कहाणी एकच! "ते टुंग टुंग वाजे, आम्ही कवाचंच बंद केलं ताई." एक जण म्हणाला, "ते चालू बी असते का?" एकानं तर कॅमेऱ्यावरच देवाचा फोटो चिकटवला आहे. मी एवढी तळमळले आणि पाच गाड्या आंधळ्याच फिरत होत्या. हसावं की रडावं. पाचही जणांना सांगितलं, बंदच ठेवा, मी बोलावते तेव्हा या.

सातवा फोन लागत नाही. केळझरचे भैयाजी. निवृत्त मास्तर. मंगळवारी आणि शुक्रवारी बायकोला, शकुंतलाबाईंना, डायलिसिसला सावंगीला आणतात. स्वतः गाडी चालवतात, वय अडुसष्ट. काच बदलून गाडी नेताना विचारत होते, "हे यंत्र ठेवू का बंद करू?" आणि मी — मला आठवतंय, हात हलवून हलवून — सांगितलं होतं, "चालू ठेवा दादाजी. तुम्ही थकलात तरी गाडी जागी असते."

त्यांनी चालू ठेवलं असणार. सातांपैकी एकानं माझं ऐकलं, तो हा.

९ फेब्रुवारी, सोमवार

अकरा वेळा फोन. बंद. उद्या मंगळवार.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे साडेपाचला स्कूटीनं निघाले. बोटं गारठली. केळझरला पोहोचले तेव्हा भैयाजी गाडीची काच पुसत होते आणि शकुंतलाबाई पायरीवर शाल घेऊन बसल्या होत्या. फोन का लागत नाही? चार्जर उंदरानं कुरतडला म्हणे.

सगळं सांगितलं, न थांबता. कोबा, ढाळ, दोन इंच, माझी सही. त्यांनी मास्तरासारखं ऐकलं, मान तिरपी करून.

"म्हंजे तवा तू सांगितलं चालू ठेवा. आता सांगतं बंद करा."

"हो."

"मंग आताचं तरी बराबर हाये कायवरून?"

म्हटलं, "तेव्हा मी न मोजता बोलले होते. आता मोजून आले आहे."

शकुंतलाबाई म्हणाल्या, "गेल्या शुक्रवारी पवनारच्या इकडं ब्रेक लागला ना हो एकाएकी? माह्यं डोकं समोर आपटलं. मी म्हनलं तुमची झोप लागली. तं म्हनते, नाई, गाडी हुशार हाये."

मला त्यांच्याकडे बघवेना. कपाळावर अजून निळसर डाग होता.

"दोन महिन्यांपासून मी सांगून राह्यली, बंद करा हे भूत," त्या म्हणाल्या. "माह्यं नाई ऐकलं. पोरीनं सांगितलं का लगेच."

"तू इंजिनेर हायेस का?" भैयाजी त्यांना म्हणाले.

"मी पेशंट हावो. पेशंटले जास्त समजते."

मी गाडीत बसून यंत्र बंद केलं, स्टिअरिंगजवळ कागद चिकटवला — बंद आहे, चालू करू नये — आणि खाली सही केली. भैयाजींनी चष्मा काढून कागद वाचला. "तारीख टाक," म्हणाले. टाकली. चहा पिऊनच जा म्हणाल्या शकुंतलाबाई. त्यांना स्वतःला दिवसाचं पाणी मोजून प्यावं लागतं. मला मात्र पूर्ण कप भरून दिला.

सावंगीपर्यंत त्यांच्या गाडीमागे मी स्कूटी चालवली. उगाच. पण चालवली.

११ फेब्रुवारी, बुधवार

रूपरावकाकांना शकुंतलाबाईंच्या कपाळाचं सांगितलं. त्यांनी चाव्यांच्या जुडग्यातून एक चावी सोडवली. मग अनुपला म्हणाले, "मागचं गोडाऊन खाली कर." आणि मला — "तुह्या बाबाले पाठव. आता कसा कोबा पाह्यजे ते त्याले समजावून सांग."

बाबा आले. म्हणाले, "तवा तू म्हणे पाणी वाहून गेलं पाह्यजे. आता पाणी ठेवलं तं हललं नाई पाह्यजे, असा करून देतो. पण रूपराव, यावर गाडी धुतली का याद राखजो!"

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर गोडाऊनमध्ये. बाबा गुडघ्यावर, हातात थापी. मी नळी आणि पट्टी. दर तीन फुटांवर खूण. बाबा विचारायचे, "सांग, किती?" मी सांगायचे, "सूतभर कमी" — म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. ते तेवढंच भरायचे. स्वतः एकदाही वाकून नळीत पाहिलं नाही. माझ्यावर एवढा भरवसा! आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या शेजारी काम केलं. कॉलेजात चार वर्षांत जे लेव्हलिंग शिकले नाही ते आज शिकले. गुडघे सोलले आहेत.

येताना म्हणाले, हे काम झालं की सिंदीला दोन मजली घराचं प्लास्टर घेतलं आहे, पुढच्या आठवड्यात बुधवारपासून. आजकाल घरी पेपर वाचत नाहीत, मला वाचायला सांगतात. "तुह्या तोंडून बातमी बरी वाटते." थकतात. साहजिक आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कोब्यावर पाणी साठवून ठेवलं आहे. आळं करून. वाट पाहणे.

प्लास्टर पुढे ढकललं, सिंदीवाल्यांची वाळू आली नाही. आता २५ तारखेपासून.

२१ फेब्रुवारी, शनिवार

भैयाजींची गाडी पहिली घेतली. नव्या कोब्यावर. आधी जुनी नोंद तपासली तर टॅबनं या वेळी स्वतःच लाल दाखवलं! अनुप म्हणाला, "घ्या, आता याले अक्कल आली." मग नव्यानं सगळं केलं. तीनदा मोजलं. हिरवं.

हिरव्यावर विश्वास नाही ठेवला. बायपासवर चालवली, पुलाच्या चढावर, त्याच जागी. शेजारी भैयाजी. गाडी शांत. पुढे ट्रक हळू झाला तेव्हा वेळेवर बोलली. भैयाजी म्हणाले, "पास." मग कागदावर सही केली. मागून आकांक्षा म्याडमची गाडीही झाली. बाकीचे पाच पुढच्या आठवड्यात.

नियम केला आहे आणि भिंतीवर लिहून लावला आहे — दर सोमवारी काम सुरू करण्याआधी नळी लावायची, आकडा वहीत लिहायचा. काकांनी वाचून मान हलवली. "शाळाच काढली पोरीनं."

२३ फेब्रुवारी, सोमवार

पहिला सोमवार. बाबा हौसेनं आले. गोडाऊनच्या त्या भिंतीशी ते, या भिंतीशी मी. दोन्ही भिंतींवर एकाच उंचीला काळी रेघ. आज मी म्हटलं, तुमच्या टोकाचं तुम्हीच वाचा, दोनदा जायला नको.

नळी सरळ करताना तिच्या तोंडावरचा माझा अंगठा सुटला. लाल पाणी भसकन माझ्या चपलांवर सांडलं. मी काही बोलणार, तेवढ्यात पलीकडून बाबांचा आवाज आला — "बराबर रेघेवर हाय बेटा. लिही."

मी चालत गेले. त्यांच्या नळीत पाणी रेघेच्या वीतभर खाली होतं. बाबा रेघेकडेच पाहत होते.

"कधीपासून दिसत नाही, बाबा?"

"दिवाळीच्या आंधीपासून."

"सांगितलं काऊन नाही?"

"तू वाचून देत होती ना."

वहीत आकडा लिहिला नाही. सिंदीला फोन करून बुधवारचं प्लास्टर थांबवलं, बाबांच्या समोर, त्यांचं नाव घेऊन. नंतर भैयाजींना. फोन लागला. उद्या सावंगीला बाबांचे डोळे दाखवायचे; भैयाजींच्या गाडीत मागे दोन जागा आहेत.