काढ्याने उतरलेली सूज

मॅडम, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा राग सुरू झाला तो गेल्या महिन्यात.

मी पुण्याहून ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला पीएचडीला आले तेव्हा तुम्ही माझ्या गाइड, आणि अख्ख्या लॅबमध्ये मराठी बोलणाऱ्याही तुम्ही एकट्याच होतात. आपलं काम एका जुन्या कोरियन काढ्यावर. डिशमधल्या पेशींमध्ये मुद्दाम दाह निर्माण करायचा, मग काढ्याचा अर्क घालायचा, आणि दाह खरंच उतरायचा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी नाचायची बाकी होते. तुम्ही मला घरी जेवायला बोलावलंत. स्वयंपाकघरात मातीच्या भांड्यात तोच काढा उकळतोय, ज्येष्ठमधाचा वास भरलाय आणि तुम्ही पोळ्यांची कणीक तिंबताय. आमवात असलेल्या बाईची बोटं अशी चालतात? मी बघतच राहिले. "गोळ्या कधीच सोडल्या मी," तुम्ही म्हणालात. "फक्त हे घेते."

पुढे आई माझ्याकडे राहायला आली. तिलाही तोच आजार, सकाळी मनगटं सुजलेली. तुम्ही तिला काढा सुचवलात तेव्हा मी चाचरत म्हटलं, "मॅडम, आपण अजून पेशींवरच बघतोय. माणसांवर कुठे तपासलंय?" केवढ्या चिडलात! "पुरावा हवाय? मग हे हात दिसत नाहीत का तुला?" आणि आईचा हात हातात घेऊन, "ताई, मी आहे ना. बिनधास्त घ्या."

आईने डॉक्टरांच्या गोळ्या थांबवल्या. सूज वाढली तेव्हा तुम्ही म्हणालात, मुळापासून जायला वेळ लागतो, धीर धरा. तिने धरला. शेवटी मीच तिला स्पेशालिस्टकडे नेलं, तोवर सांधे झिजले होते. आज तिची बोटं वाकडी आहेत. वेणी मी घालते, ब्लाउजची बटणंही मीच लावते. एकाला औषध लागू पडतं, एकाला नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती.

गेल्या महिन्यात बंदरावर तुमचे मिस्टर भेटले. कॉफी घेताना त्यांनी आईच्या हातांची चौकशी केली आणि सहज विचारलं, "तिला स्टिरॉइड सोसलं नाही का?"

"कसलं स्टिरॉइड?"

"अगं, ही रोज घ्यायची ना. त्याशिवाय पलंगावरून उठवायचं नाही तिला." माझा चेहरा बघून त्यांनी कप खाली ठेवला. "तुला माहीत नव्हतं?"

काढा वाईट नव्हता, मॅडम. डिशमध्ये त्याने जे केलं ते खरंच केलं. खोट्या होतात तुम्ही. स्वतःच्या कामावर इतका जीव होता, की लोकांनी त्यावर विश्वास ठेवावा म्हणून तुम्ही आपले हात दाखवत राहिलात, हेही मी समजून घेतलं असतं. पण आई समोर बसली होती. तिची सूज डोळ्यांनी दिसत होती. "गोळ्या सोडू नका ताई," एवढंच म्हणायचं होतं. निदान माझ्यापाशी तरी खरं बोलायचं होतं.

आई आजही त्या काढ्यालाच बोगस म्हणते. तुमचं नाव निघालं की मात्र, "बिचारी, किती मायेने सांगायची." मी तिला काही सांगितलेलं नाही. तुमची लाज राखायला नव्हे. या देशात तिला एकच मैत्रीण मिळाली होती, आणि ती तिच्याकडून काढून घेणं मला जमत नाहीये.